मोगल बादशहा ‘खोट्या माणकां’ना फसले नव्हते

‘तैमूर रुबी हे माणिक नाहीच, स्पिनेल आहे. म्हणजे तैमूरपासून शाहजहानपर्यंत सगळे फसले. फरक कळला तो युरोपात, 1783 साली. वर हौसेपायी नावं कोरून त्यांनी खडे खराब केले. घरचं माणिक यूव्ही टॉर्चखाली तपासा, लाल चमकलं तर अस्सल.’ हा मजकूर सर्रास फिरतो. ब्रिटिश राजघराण्याच्या संग्रहातला 352.5 कॅरटचा हा लाल खडा स्पिनेल (माणकासारखं दिसणारं, पण वेगळं खनिज) आहे, एवढं खरं. पुढचं बहुतेक सगळं चूक.

फरक माहीत नव्हता? फारसीत दोन वेगळे शब्दच आहेत: याकूत म्हणजे माणिक आणि लाल म्हणजे बदख्शानचा (आजच्या अफगाणिस्तान-ताजिकिस्तान सीमेवरचा डोंगराळ प्रदेश) स्पिनेल. अकराव्या शतकात अल-बिरुनी या विद्वानाने दोन्ही पाण्यात तोलून पाहिले. लाल हलका भरला. आजचे आकडे तेच सांगतात: माणकाची सापेक्ष घनता (पाण्याच्या किती पट जड) 4.0, स्पिनेलची 3.6. 1783 हे साल युरोपीय खनिजशास्त्रापुरतं.

अकबराच्या जवाहिरखान्यात तर प्रतवारीच निराळी होती. ‘ऐन-ए-अकबरी’नुसार पहिल्या प्रतीचा लाल किमान 1000 मोहरांचा, हिरा, पाचू, याकूत यांची पहिली प्रत 30 मोहरांपासून सुरू. सर्वोत्तम नगांत 11 टंक 20 सुर्खांचा (टंक हे वजनाचं जुनं माप, सुर्ख म्हणजे आपली गुंज) लाल 1 लाख रुपयांचा, तर 4 टंक पावणेआठ सुर्खांचा याकूत 50,000 चा. टंकामागे भाव काढला तर याकूतच महाग पडतो, म्हणून ‘लाल अधिक मोलाचा’ असंही सरसकट म्हणू नये. दरबाराला आकार हवा होता, आणि एवढा मोठा, स्वच्छ याकूत हाती लागणं फार कठीण.

आकार राखायचा म्हणूनच मोठ्या लालांना पैलू पाडत नसत. पैलूंत वजन जातं. नुसती झिलई द्यायची, ओवायला भोक पाडायचं. स्पिनेलचा कठीणपणा 8, तिथे लोखंडी टोक घसरतं. अक्षरं कोरायला हिऱ्याच्या कणीसारखं कठीण टोकच लागतं. इतके कष्ट हौसेपायी? 249.3 कॅरटचा एक लाल पाहा. त्यावर तैमूरचा नातू उलुग बेग (मृत्यू 1449) याचं नाव होतं. 1617 मध्ये इराणच्या शाह अब्बासने आपलं घातलं आणि 1621 मध्ये तो जहांगीरला भेट दिला. जहांगीरने स्वतःचं आणि अकबराचं नाव कोरवलं. पुढे शाहजहान, औरंगजेब, अहमदशाह दुर्राणी (अब्दाली). आधीचं एकही नाव कोणी घासून काढलं नाही. तैमूरचे वंशज म्हणवणाऱ्यांना पूर्वजाच्या नावाचा खडा म्हणजे हातात धरता येणारी वंशावळ होती. नावांनीच त्याचं वजन वाढवलं.

‘तैमूर रुबी’वर तैमूरचं नावच नाही. सर्वांत जुनं नाव जहांगीरचं, 1612 चं. तैमूर 1405 मध्ये वारला.

राहिली टॉर्च. दोन्ही खड्यांचा लाल रंग क्रोमियममुळे येतो, त्यामुळे स्पिनेलही लाल चमकतो. उलट लोह जास्त असलेलं अस्सल माणिक मंदच दिसतं. डायक्रोस्कोप (खड्यातल्या रंगाच्या छटा वेगळ्या करून दाखवणारं छोटं उपकरण) वापरा: माणकात लाल रंगाच्या दोन छटा शेजारी दिसतात, स्पिनेलमध्ये एकच. मात्र खडा दोन-तीन दिशांनी फिरवून बघा. एका विशिष्ट अक्षावरून माणिकही एकच छटा दाखवतं.