बाबा पात्र होऊन राहिले

म्हातारपण एकदाच येते असं लोकायले वाटते, पण सरकारात ते हप्त्याहप्त्याने येते, काहून की प्रत्येक खात्याचा म्हातारा वेगळ्या वयाचा आहे. पोस्टातल्या सिनियर सिटीझन स्कीममध्ये पैसे टाकायला 60 पुरतात, एसटीत अर्ध्या तिकिटाला 65 पाहिजे, आयुष्मानच्या वय वंदना कार्डाला 70, एसटीत पूर्ण फुकट बसायचं तर 75 आणि इन्कम टॅक्सवाले 60 ला ज्येष्ठ म्हणून 80 ला पुन्हा अति ज्येष्ठ म्हणतात. रेल्वेनं तर 2020 च्या मार्चमध्ये सवलतच काढून घेतली, त्यांच्या हिशोबानं आता तिकिटापुरते सगळेच जवान.

आमचे बाबा सध्या 74. अमरावतीची आत्या कधीची बोलावून राहिली, पण गणेशपेठच्या स्टँडवर जायचं नाव काढलं की हे म्हणतात, "दिवाळीनंतर जाऊ न, 75 पूर्ण होते." आईचं बरं आहे, 2023 पासून बायकांना एसटीत तसंही अर्धं तिकीट, त्यामुळे कंडक्टर तिला वय विचारतच नाही, आणि खरं सांगू, वाचलेल्या पैशापेक्षा तिला याचंच जास्त कौतुक आहे.

मामाजी 73 चे, मामीजी 71 च्या, दोघांचीही वय वंदना कार्डं आली. 5 लाखापर्यंत इलाज फ्री, उत्पन्नाची अट नाही, सगळं झकास. मग कोणीतरी सांगितलं की हे 5 लाख दोघांत मिळून आहेत आणि तेही वर्षाला. तेव्हापासून मामीजी मामाजींच्या साध्या खोकल्याकडेही संशयानं पाहतात, म्हणजे हा माणूस माझ्या वाट्यातलं खाऊन राहिला की काय.

पण खरा तमाशा नोव्हेंबरात, हयातीच्या दाखल्याचा. पेन्शनरनं दरवर्षी आपण जिवंत असल्याचं सिद्ध करायचं, समोर बसून चहा पिऊन चालत नाही. आधी बोट लावून व्हायचं, पण बाबांच्या बोटाच्या रेषा घासल्या गेल्यात, मशीन दरवेळी लाल. सेंटरवरचा पोट्टा म्हणे, "काकाजी, बोट जरा केसाले घासून लावा." बाबांना टक्कल. शेवटी मोबाईलवर चेहरा दाखवून करायचं ठरलं. मी त्यांना गॅलरीत उन्हाकडे तोंड करून उभं केलं, स्क्रीनवर गोल आला, डोळे मिचकवा म्हणून सूचना आली आणि बाबा एकटक. मी म्हटलं मिचकवा, तर म्हणे मिचकवले न आत्ताच, ते तू फोन वर करत होता तेव्हा. मग दोन्ही डोळे गच्च मिटून बसले, ॲपला चेहरा दिसेना. मग एकच डोळा मिचकावला तर आतून आई म्हणते, "बाप्पा! पन्नास वर्षाच्या संसारात मले कधी नाही मारला, आन मोबाईलले मारून राहिले!" बाबा हसले आणि त्या हसण्यात दोन्ही डोळे आपोआप मिचकले, झालं काम. मेसेज आल्याबरोबर त्यांनी तो फॅमिली ग्रुपवर टाकला, खाली मोठ्या काकाजींचा रिप्लाय, "अभिनंदन." काकाजी 82 चे, ते 80 च्या वरचे म्हणून त्यांची खिडकी 1 ऑक्टोबरलाच उघडते, त्यामुळे ते महिनाभर आधीच जिवंत होऊन बसले होते.

काकाजींमुळेच बाबांना पुढचा आकडा कळला. दोघंही केंद्राचे पेन्शनर, आणि तिथे 80 झाले की मूळ पेन्शनवर 20 टक्के जादा, 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50, आणि शंभरी गाठली की सरळ 100 टक्के. हे ऐकल्यापासून बाबांनी सकाळचा तर्री पोहा बंद केला, अंबाझरीला फिरायला जातात, बीपीची गोळी न सांगता घेतात. कॅलेंडरच्या मागे पेन्सिलनं हिशोब मांडून आईला दाखवला, शंभराव्या वर्षी पेन्शन डबल.

आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "शंभर भरतीन तुमचे, पण तवा माहे किती होतीन ते मांडलं का त्याच्यात?"

बाबांनी खोडरबर मागितलं.