बेणारेचं स्वगत कापू नका

विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे' हे नाटक एका छोट्या हौशी संस्थेने मुंबईत पुन्हा बसवायला घेतलंय हे वाचून फार आनंद झाला. पण आजच्या प्रेक्षकासाठी नायिका बेणारेचं शेवटचं स्वगत निम्मं करावं, ही त्याबद्दलच्या लेखातली सूचना अजिबात पटली नाही.

नाटकमंडळीतले सोबती खेळ म्हणून खोटं कोर्ट मांडतात, अख्खा खटला तिच्यावर चालतो आणि तिला कोणी बोलू देत नाही. भ्रूणहत्येचा आरोप ठेवतात, एकेक जण पिंजऱ्यात येऊन तिचं खाजगी आयुष्य चघळतो, वकील झालेला सुखात्मे वकिली गाजवून घेतो आणि न्यायाधीश झालेला काशीकर शेवटी मोठ्या उदारपणे दहा सेकंद देतो. त्यानंतर ती जे बोलते ते इतरांपर्यंत पोचतच नाही, फक्त आपल्यापर्यंत पोचतं. तेच छाटलं तर आपणही त्या कोर्टात जाऊन बसलो की!

प्रयोग लहान जागेत करावा, या लेखातल्या मताशी मात्र पूर्ण सहमत. दादरच्या छबिलदास शाळेच्या सभागृहात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने सत्तरच्या दशकात हेच करून दाखवलं. या नाटकाला तर एक दार आणि एक कडी पुरते. सुरुवातीला त्याच कडीत बेणारेचं बोट चेमटतं, पुढे ती निघून जाऊ पाहते तेव्हा दार उघडत नाही. तो खडखडाट मागच्या रांगेत ऐकू गेलाच पाहिजे. म्हणून संस्थेला विनंती, बाकी खर्च वाचवा पण दार खरं, लाकडी घ्या.

प्रयोग दुपारी ठेवलात तर विरार-कल्याणची मंडळीही येतील. मी मुलीला घेऊन येणार आहे.