जबरदस्ती नको, पण मोकळं रानही नको

आजी, नमस्कार. ‘भरवताना जबरदस्ती करू नका हे लिहिणं सोपं आहे, नातू उद्या नुसत्या बिस्किटांवर राहिला तर जबाबदार कोण? आमची मुलं ताट संपवल्याशिवाय उठत नसत,’ असं तुम्ही लिहिलंत. त्यामागची काळजी खरी आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

बिस्किटं घरात आणायची की नाही, कधी द्यायची, हे लहान मुलाने ठरवायचंच नसतं. आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांनी सांगितलेली वाटणी मला म्हणूनच पटते: काय वाढायचं, कधी आणि कुठे बसून जेवायचं हे मोठ्यांनी ठरवायचं, त्यातलं खायचं का आणि किती, हे मुलाने. तुमची शिस्त पहिल्या भागात हवी तेवढी कडक ठेवा. जेवणाच्या वेळा पाळा, मधल्या वेळेत सतत तोंड चालू देऊ नका. दिवसाला अर्ध्या लिटरहून जास्त दूध दिलं तर भूक मरते आणि शरीरात लोह कमी पडू शकतं. ताटात ओळखीचा एक तरी पदार्थ असू द्या. मात्र तो नको म्हणाला म्हणून उठून दुसरं काही करून आणू नका.

खरी ओढाताण होते ती शेवटच्या चार घासांवर. पहिल्या वर्षात बाळाचं वजन जवळपास तिप्पट होतं, दुसऱ्या वर्षात जेमतेम दोन-अडीच किलो वाढतं. वाढ मंदावली की भूकही कमी होते. त्यात साधारण दोन ते सहा या वयात नव्या पदार्थाची धास्ती सर्वांत जास्त असते. याला हट्ट म्हणणं मला अन्यायाचं वाटतं! आमिषही उलटतं: लिअन बर्च यांच्या १९८४ च्या प्रयोगात बक्षीस किंवा शाबासकी देऊन पाजलेलं पेय मुलांना पुढे कमी आवडू लागलं. नवी भाजी आठ-दहा, कधी पंधरा वेळाही समोर यावी लागते. चिमूटभर वाढा, तुम्ही शेजारी बसून तीच खा, आणि ‘खाल्लीस का?’ विचारू नका.

तुमची मुलं ताट संपवून छान वाढली, हे खरंच. पण पोट भरल्यावरही खायला लावलं तर आपलं पोट भरलंय हे ओळखायची सवय मोडते, आणि ती मला फार मोलाची वाटते.

मात्र नातवाचं वजन घटत असेल, गिळताना वारंवार ठसका लागत असेल, किंवा खाण्यातले पदार्थ एकेक करून गळत चालले असतील, तर वाट पाहू नका. बालरोगतज्ज्ञांना वजन-उंचीच्या नोंदी दाखवा आणि आठवडाभरात तो काय काय खातो ते लिहून सोबत न्या.