हिल्सबरोत गेट प्रेक्षकांनी तोडलं नव्हतं

‘फुटबॉलचा प्रेक्षक म्हणजे हुल्लडबाज. हिल्सबरोत दारू ढोसून बिनतिकीट आलेल्यांनी गेट तोडलं आणि आपल्याच माणसांना तुडवून मारलं. म्हणून मैदानाला उंच जाळ्या ठोका, अश्रुधूर तयार ठेवा, ढोल-शिट्ट्या बंद करा.’ हा मेसेज कोल्हापुरातल्या ग्रुपवर फिरतोय. आमच्या आत्यानं तो वाचून नातवाचं शाहू स्टेडियमवर जाणंच बंद केलं. आता गप्प बसवत नाही.

गेट तोडलं ही धादांत थाप आहे. १५ एप्रिल १९८९, इंग्लंडमधल्या शेफील्डचं हिल्सबरो मैदान, लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट, एफए कप या इंग्लंडच्या फुटबॉल स्पर्धेची उपांत्य फेरी. लेपिंग्ज लेन या रस्त्याच्या बाजूला आत जायची दारं अपुरी, बाहेर माणसं तुंबलेली. पोलीस बंदोबस्ताचे प्रमुख डेव्हिड डकेनफील्ड यांनीच ‘सी’ गेट उघडायचा हुकूम दिला. पण समोरचा बोगदा बंद केला नाही, आणि तो थेट मधल्या, उभ्यानं मॅच बघायच्या, आधीच खच्चून भरलेल्या कप्प्यांत निघत होता. मागून रेटा, पुढे लोखंडी जाळी. बहुतेकांचा जीव छाती दाबली जाऊन, गुदमरून गेला. एकूण ९७ बळी; सगळ्यात लहान मुलगा १० वर्षांचा. प्रेक्षकांनी गेट फोडलं असं त्याच दुपारी डकेनफील्ड यांनी सांगितलं, आणि ते खोटं होतं हे २०१५ साली शपथेवर कबूल केलं.

राहिली दारू. मेलेल्या सगळ्यांच्या रक्तातली दारू तपासली गेली, लहान मुलांचीसुद्धा! त्या मुलांच्या आई-वडिलांना काय वाटलं असेल? २०१२ साली स्वतंत्र समितीचा अहवाल आला. त्यात दिसलं की पोलिसांच्या १६४ जबाबांत मोठे फेरफार झाले होते आणि त्यांतल्या ११६ जबाबांतून पोलिसांना अडचणीचा मजकूर काढला किंवा बदलला होता. २०१६ साली या मृत्यूंच्या न्यायालयीन चौकशीत ज्युरीनं स्पष्ट सांगितलं, प्रेक्षकांच्या वागण्याचा या मृत्यूंत काही वाटा नव्हता. तरी मेसेज लिहिणारा अजून मेलेल्यांनाच आरोपी करतो.

जाळ्या? त्याच जाळीनं माणसं अडकली. नंतर इंग्लंडनं मैदानांपुढच्या जाळ्या काढून टाकल्या. अश्रुधूर? इंडोनेशियात मलांगला १ ऑक्टोबर २०२२ रोजी पोलिसांनी तो स्टँडवर सोडला, लोक दारांकडे पळाले, १३५ जण गेले. फिफा या जागतिक फुटबॉल संघटनेच्या नियमांत स्टेडियममध्ये असा धूर वापरायला मनाई आहे.

हुल्लडबाजीनं माणसं मरतात, हे मान्य करावं लागेल. १९८५ साली ब्रुसेल्सच्या हेझेल मैदानावर लिव्हरपूलचेच समर्थक समोरच्या प्रेक्षकांवर धावून गेले, भिंत कोसळली, ३९ जण मेले. आपल्याकडेही दगड-बाटल्या आल्यात, सामने थांबलेत. पण हेझेलनंतर खटले चालले ते ठरावीक माणसांवर, आणि १४ जणांना शिक्षा झाली. तसंच इथं करा. बाटली फेकणारा, पंचाच्या अंगावर धावणारा कॅमेऱ्यात हुडका आणि त्याला मैदान बंद करा. आई-बहिणीवरून शिव्या, खेळाडूच्या रंगावरून हाका, हे तर एक मिनिटही खपवून घेऊ नये. वंशद्वेषी घोषणांसाठी फिफाची पद्धत आहे: पंच आधी खेळ थांबवतो, मग खेळाडूंना आत नेतो, तरी ऐकलं नाही तर सामना रद्द.

ढोल, शिट्ट्या, समोरच्या तालमीच्या संघाला डिवचणं यानं कुणाचं काही बिघडत नाही. पेठेतल्या पोरांनी हाताची घडी घालून मॅच बघावी असं ज्यांना वाटतं, त्यांनी संयोजकांना एवढंच विचारावं: बाहेर पडायची सगळी दारं मॅच सुरू असताना उघडी असतात का, आणि किती माणसं आत सोडली हे कोण मोजतं?