'आफ्रिकेत कोणी रक्तच देत नाही' हा फॉरवर्ड मला चौथ्यांदा आलाय

14 जून, म्हणजे जागतिक रक्तदाता दिन जवळ आला की हा मेसेज फिरायला लागतो. आधी सोसायटीच्या ग्रुपवर, मग मुलीच्या शाळेच्या, आणि काल आमच्या काकांनीच पाठवला. थोडक्यात म्हणणं असं की आफ्रिकेतले लोक अंधश्रद्धेपायी रक्त देत नाहीत, दिलं तरी एचआयव्हीमुळे ते फेकूनच द्यावं लागतं, नातेवाईक ज्याचं त्याचं बघून घेतात, पैसे दिले तर मात्र रांगा लागतील, आणि एवढं करून ते खेड्यात पोचणार कसं, रस्तेच नाहीत. काका, तुम्ही चांगल्या मनाने पाठवलंत हे माहितीये मला, पण मी सहा वर्षं नैरोबीत राहिलेय, तिथे रक्त दिलंय, त्यामुळे गप्प बसवत नाही.

पहिलं, अंधश्रद्धेचं. रक्त कमी पडतं हे खरंच आहे. डब्ल्यूएचओच्या हिशेबाने श्रीमंत देशांत दर हजार माणसांमागे वर्षाला 31.5 वेळा रक्तदान होतं आणि सगळ्यात गरीब देशांत 5 वेळा, आणि या गरीब देशांतले बहुतेक आफ्रिकेत आहेत. पण का कमी पडतं ते बघा ना. रक्त गोळा करायला पिशव्या लागतात, टेस्टिंग किट लागतात, फ्रीज, गाडी, डिझेल, नर्स, सगळ्याला पैसा लागतो. केनियात त्यातला मोठा वाटा अमेरिकेच्या मदतीचा होता, 2019 मध्ये ती मदत थांबली आणि रक्तसंकलन धाडकन खाली आलं. माणसं तीच होती, शाळा त्याच होत्या. गाड्या जायच्या कमी झाल्या.

भीती अजिबात नव्हती असं मी म्हणणार नाही. ब्रिटिशांच्या काळात पूर्व आफ्रिकेत अफवा होती की बंबवाले, स्वाहिलीत वाझिमामोटो, रात्री माणसं पकडून त्यांचं रक्त काढून नेतात. ज्या सरकारने जमिनी घेतल्या, फुकट राबवून घेतलं, ते रक्तही नेत असेल असं लोकांना वाटलं तर त्याला नुसती अंधश्रद्धा म्हणून सोडून देणं मला पटत नाही. आणि 'रक्त दिलं की अशक्तपणा येतो' हे आपल्या गावात किती जणांकडून ऐकलंय आपण?

मी जिथे मदतीला जायचे ती शिबिरं बहुतेक शाळांत असायची, कारण केनियात 16 वर्षं पूर्ण झाली की रक्त देता येतं. हॉलमधली बाकं भिंतीला सारलेली, चार-पाच खाटा, आणि शाळेच्या स्वेटरमधल्या पोरापोरींची दारापर्यंत रांग. बोटाला टोचून एक थेंब मोरचुदाच्या निळ्या पाण्यात सोडतात, बुडाला तर हिमोग्लोबिन पुरेसं, वर तरंगत राहिला तर परत पाठवतात. एका मुलीचा थेंब काही केल्या बुडेना, तिने दुसऱ्या बोटाला टोचून बघा म्हणून सांगितलं, तोही तरंगला, मैत्रिणी आत खाटांवर आणि ही दारात उभी, डोळे भरलेले. नर्सने जवळ घेऊन सांगितलं, सुकुमा विकी खा (ही तिकडची रोजची पालेभाजी), घेवडा खा, तीन महिन्यांनी मी परत येणारे. तीन महिन्यांनी ती पहिल्या पाचात उभी होती. मेसेज लिहिणाऱ्याने असली एक तरी रांग बघायला हवी होती. सप्टेंबर 2013 मध्ये नैरोबीतल्या वेस्टगेट मॉलवर दहशतवादी हल्ला झाला तेव्हा तर उहुरू पार्कात शेकडो लोक रक्त द्यायला उभे होते. अर्थात एका दिवशी सगळे आले आणि मग वर्षभर कोणी नाही, यानेही भागत नाही, पिशवी पस्तीसेक दिवसच टिकते.

आता एचआयव्ही. हा मुद्दा सगळ्यात जास्त लोकांना पटतो आणि सगळ्यात जास्त चुकीचा आहे. आपल्या ब्लड बँकेत होते तशीच तिथेही पिशव्यांची तपासणी होते, दोष निघाला तर ती पिशवी बाद होते, सगळंच्या सगळं रक्त नाही. झिम्बाब्वेत 1989 मध्ये, एड्सची साथ वाढत असताना, तरुण पोरांचा क्लब सुरू झाला: आयुष्यात 25 वेळा रक्त देईन आणि त्यासाठी स्वतःला संसर्गापासून जपेन अशी शपथ घ्यायची. पुढे बऱ्याच देशांनी हे उचललं. म्हणजे रक्तदान हेच एचआयव्हीपासून जपण्याचं कारण झालं, मला हे फार मोठं वाटतं. आणि जगात सर्वाधिक एचआयव्हीबाधित लोक असलेल्या दक्षिण आफ्रिकेने ऑक्टोबर 2005 पासून प्रत्येक पिशवीची वेगवेगळी नॅट टेस्ट (रक्तात थेट विषाणूच शोधणारी) सुरू केली, ज्यात नुकताच झालेला संसर्गही जुन्या टेस्टपेक्षा बराच लवकर सापडतो. ही टेस्ट महाग आहे, सगळ्या देशांना परवडत नाही, म्हणून तर पुन्हापुन्हा येणारा, आधी तपासलेला दाता तिथे सोन्यासारखा.

'नातेवाईक देतात की.' देतात, घाना, नायजेरियात बरंचसं रक्त असंच येतं, आणि आपल्याकडेही 'बदली डोनर आणा' हे कोणी ऐकलं नाही? घानातल्या अभ्यासात नातेवाइकांचं रक्त पहिल्यांदा देणाऱ्या स्वेच्छा दात्यापेक्षा वाईट निघालं नाही हेही सांगते, त्यांना नावं ठेवू नका. प्रश्न वेळेचा आहे. बाळंतपणात रक्तस्राव सुरू झाला तर दोन तासांत बाई जाऊ शकते, त्या वेळी नवऱ्याने रात्री दोनला गावात जाऊन भाऊ उठवून आणायचा, त्याचा गट जुळायचा, तपासणी व्हायची... पिशवी आधीच फ्रीजमध्ये लागते. आणि गरीब देशांत रक्त चढवलं जातं त्यात 54 टक्क्यांपर्यंत पाच वर्षांखालची मुलं असतात, बरीचशी मलेरियाने पांढरीफटक पडलेली. दहा किलोच्या बाळाला साधारण 200 मिली पुरतं, म्हणजे त्या शाळेतल्या एका पिशवीत दोन बाळं.

पैसे देण्याबद्दल फार लिहीत नाही. पैशासाठी येणारा आपला आजार लपवतो, आपण स्वतः हे भोगलंय, म्हणून तर 1 जानेवारी 1998 पासून भारतात रक्त विकण्यावर बंदी आहे.

आणि रस्ते. रवांडात ऑक्टोबर 2016 पासून मुहांगाहून ड्रोनने रक्त जातं, हॉस्पिटलने मागवलं की ड्रोन उडतं आणि खोका पॅराशूटने अंगणात उतरतो. पुढे अभ्यास झाला तेव्हा मुदत संपून वाया जाणारं रक्त वर्षभरात 67 टक्क्यांनी कमी झालेलं दिसलं. डोंगराळ देश आहे, रस्ते वळणावळणाचे आहेत, त्यांनी त्यावर उपाय काढला.

काका, हे लांबलंय पण त्या ग्रुपवर आहे तसंच टाका. आणि तुमच्या ओळखीचे जे नैरोबी, कंपालाला नोकरीला आहेत त्यांना सांगा, तिथे डिसेंबरात शाळांना सुट्टी लागली की फ्रीज रिकामे व्हायला लागतात, जसे आपल्याकडे मे महिन्यात होतात. त्या महिन्यात जा.