ऑफिस हलवताना रेट नंतर विचारा, आधी सर्व्हेला कोण येतंय ते बघा

ऑफिस शिफ्टिंगची वेळ आली की मुंबईतल्या बहुतेक कंपन्यांत एकच पद्धत चालते. अ‍ॅडमिनवाल्याने तीन कोटेशन मागवायची, एक्सेलमध्ये शेजारी शेजारी मांडायची आणि सगळ्यात खालच्या आकड्याला वर्क ऑर्डर द्यायची. या पद्धतीला माझा ठाम विरोध आहे. फोनवर ‘साठ माणसांचं ऑफिस, लोअर परळ ते ऐरोली’ एवढं ऐकून दिलेला रेट शिफ्टिंगच्या रात्री वाढतोच, आणि तो वाढतो तेव्हा निम्मं सामान गाडीत चढलेलं असतं. त्या वेळी घासाघीस करायला तुमच्या हातात काहीच उरत नाही.

मूव्हर, म्हणजे सामान हलवणारी कंपनी, निवडायची ती तिच्या सर्व्हेवरून. जुन्या आणि नव्या, दोन्ही जागी येऊन, मोजमाप घेऊन, नगांची लेखी यादी करून मग रेट देणारा हवा. मोबाइलवर व्हिडिओ मागवून रेट सांगणाऱ्याला घर हलवायला बोलवा, ऑफिससाठी नको.

सर्व्हेला आलेला माणूस काय काय करतो ते नीट बघा. टेबलं किती हे तुम्हाला विचारून लिहून घेतो, की वाकून टेबलाखाली बघतो? कपाटं आणि पेडेस्टल (टेबलाखालचे ड्रॉवरचे खण) उघडायला सांगतो का? लिफ्टच्या दाराची रुंदी, उंची आणि आतली खोली टेपने मोजतो का? लिफ्टमधल्या पाटीवरचे किलो वाचतो का? फोर्ट, बॅलार्ड इस्टेटच्या जुन्या इमारतींत जाळीच्या दाराची लिफ्ट असते, चार माणसं त्यात कशीबशी मावतात. तिथे मोठे नग जिन्यानेच उतरवावे लागतात आणि माणसं बरीच जास्त लागतात. नव्या टॉवरमध्ये सर्व्हिस लिफ्ट ऐसपैस असते, पण तिथे बेसमेंटची उंची आडवी येते. बंद बॉडीची आयशर (मध्यम आकाराचा ट्रक) रॅम्पवरून आत जात नाही, मग सगळं सामान बाहेर रस्त्यावर उतरवून ट्रॉलीवर ढकलत न्यायचं. हे अंतर ज्याने चालून बघितलं नाही, त्याला माणसं किती लागतील हे कळणारच नाही.

गाड्यांचा हिशेब कसा चुकतो ते एका उदाहरणाने सांगतो. हातांची चाकवाली खुर्ची साधारण 2 फूट रुंद, 2 फूट खोल आणि सव्वातीन फूट उंच असते, म्हणजे 13 घनफूट. अशा 60 खुर्च्या म्हणजे 780 घनफूट. 17 फुटी आयशरच्या आत जागा असते 700 घनफुटांच्या आसपास. आता टेबलं बघा. 4 बाय 2 फुटांचे, 25 मिलिमीटर जाडीचे 60 टॉप सोडवून एकावर एक ठेवले तर 40 घनफूटसुद्धा होत नाहीत. पॅकिंग धरून 50-60. म्हणजे टेबलं मोजून गाडी ठरवणारा पहिल्याच फेरीत अडकतो, कारण गाडी भरते खुर्च्यांनी. खुर्च्या उलटसुलट रचल्या की जागा वाचते, पण फार रेटल्या तर हात तुटतात आणि जाळीच्या पाठी फाटतात. सर्व्हेवाल्याने खुर्च्यांबद्दल एकही प्रश्न विचारला नाही तर त्याचं कोटेशन बाजूला ठेवा.

कागदाचं वजन हा दुसरा सापळा. 75 जीएसएमच्या (चौरस मीटरला 75 ग्रॅम) ए-फोर कागदाचं 500 कागदांचं एक रीम 2.3 किलोचं असतं. मोठ्या खोक्यात दहा रीमांएवढा कागद सहज मावतो आणि ते खोकं 23 किलोचं होतं. फायलींसाठी लहान, पाच प्लायची (पाच थरांच्या पुठ्ठ्याची) खोकी हवीत, आणि एकेक खोकं 15-18 किलोंच्या वर जाऊ द्यायचं नाही. घरसामानाची मोठी खोकी फायलींना वापरली की तळ सुटतो आणि अकाउंट्सची दहा वर्षं पॅसेजमध्ये पसरतात. रेकॉर्ड रूममध्ये कॉम्पॅक्टर (रुळांवर सरकणारी फायलींची कपाटं) असतील तर विषय आणखी गंभीर होतो. साध्या ऑफिसचा स्लॅब चौरस मीटरला 250 ते 400 किलो धरून डिझाइन केलेला असतो, आणि भरलेले कॉम्पॅक्टर त्याच्या पुढे सहज जातात. नव्या जागी ते कुठे बसवायचे हे स्ट्रक्चरल इंजिनिअरला विचारून ठरवा. मूव्हरने रूळ टाकून मोकळं व्हायचं, असं हे काम नाही.

फर्निचरवर मी सगळ्यात जास्त भर देईन, कारण खरं नुकसान तिथे होतं आणि विमा ते सहसा भरून देत नाही. मॉड्युलर वर्कस्टेशन ओळीत जोडलेली असतात, दोन टेबलांमध्ये एकच पाय असतो. सहाची ओळ सोडवून नव्या जागी चार-चारच्या ओळी लावायच्या म्हटलं तर पाय कमी पडतात. हे आधी मोजून जादा पाय मागवायला हवेत. पार्टिकल बोर्डात (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीत) स्क्रूची पकड पहिल्यांदाच चांगली असते. काढून त्याच भोकात पुन्हा घातला की तो फिरत राहतो. जाणकार सुतार थोडा जाड स्क्रू तरी वापरतो, नाहीतर नवं भोक पाडतो. नवखा माणूस ड्रिल मशीन पूर्ण जोरात लावतो आणि बोर्डाचा भुगा करतो. म्हणून कोटेशनमध्ये नुसतं ‘20 माणसं’ नको. सुतार किती, इलेक्ट्रिशियन किती आणि हमाल किती, हे वेगळं लिहून घ्या. टेबलांच्या रेसवेमधली (वायरी नेणाऱ्या पन्हळीतली) वायरिंग सोडवणार कोण आणि जोडणार कोण, हेही लिहून घ्या. ही ओळ कोटेशनमध्ये नसेल तर ते काम तुमच्या माथ्यावर आहे असं समजा.

प्रत्येक टेबलाचे स्क्रू, कॅप, ब्रॅकेट एका पिशवीत घालून ती पिशवी त्याच टॉपच्या खालच्या बाजूला चिकटवायची. सगळे स्क्रू एका बादलीत टाकणारी टोळी दिसली तर काम तिथेच थांबवा. लेबल नव्या जागेच्या नकाशाप्रमाणे लावायचं: मजला, झोन, टेबल नंबर. जुन्या जागेचा नंबर नव्या जागी कोणाच्याच कामाचा नसतो.

आयटीचं थोडक्यात. बॅकअप झाल्याशिवाय आणि तो उघडून तपासल्याशिवाय एकही सर्व्हर बंद करू नका. सर्व्हर रॅकमध्ये ठेवून रॅक हलवू देऊ नका. 42 यूचा, म्हणजे पूर्ण उंचीचा रॅक 2 मीटरच्या आसपास उंच असतो, बऱ्याच लिफ्टच्या दाराचीही उंची तेवढीच, म्हणजे रॅक आडवा करावाच लागतो. सर्व्हर अँटिस्टॅटिक बबलमध्ये, मोजक्या सामानाच्या वेगळ्या गाडीत, तुमच्या आयटीच्या माणसासोबत जावेत. यूपीएसच्या बॅटऱ्यांची टर्मिनल टेपने झाकायची आणि त्या उभ्याच ठेवायच्या. स्प्लिट एसी नेणार असाल तर गॅस आउटडोअर युनिटमध्ये ओढून घेणारा मेकॅनिक लागतो. हमालांनी पाइप कापला की गॅसही गेला आणि ओल आत शिरून कॉम्प्रेसरचीही वाट लागली.

आता इमारतीची आणि रस्त्याची बाजू. बीकेसी, नरिमन पॉइंट, मालाड किंवा ऐरोलीच्या आयटी पार्कमध्ये शिफ्टिंगला बहुधा शनिवार संध्याकाळ ते सोमवार पहाट एवढाच वेळ मिळतो. कामगारांची ओळखपत्रं, गाड्यांचे नंबर, वर्क परमिट, कामगार विम्याची पॉलिसी, डिपॉझिट, लिफ्टला आतून प्लाय किंवा फोम आणि लॉबीच्या लादीवर आच्छादन, हे सगळं दोन्ही इमारती मागतात. मूव्हरला कामगार विम्याची प्रत मागा. ती तासाभरात मेलवर आली तर तो अशा इमारतींत काम करत आलाय. ‘बघतो, पाठवतो’ करत दोन दिवस काढले तर पुढचं तुम्हीच ओळखा.

शहरात अवजड गाड्यांच्या वेळांवर बंधनं आहेत, दक्षिण मुंबईत ती जास्त कडक आहेत. वाहतूक पोलिसांची चालू अधिसूचना बघूनच गाड्यांचं वेळापत्रक बनवा, ड्रायव्हरच्या भरवशावर राहू नका. ऑक्टोबर 2024 पासून मुंबईच्या पाच प्रवेशनाक्यांवर लहान गाड्यांना टोल माफ झाला, पण तो ट्रकला माफ नाही. टोल कोणाकडे हे कोटेशनमध्ये हवं. तारीख ठरवताना विसर्जनाचे दिवस टाळा, जानेवारीतला मॅरेथॉनचा रविवार टाळा. दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीया या मुहूर्तांवर प्रत्येकाला नव्या जागेत कलश ठेवायचा असतो. त्या आठवड्यात चांगल्या मूव्हरची स्वतःची माणसं दुसरीकडे गुंतलेली असतात आणि तुमच्याकडे नाक्यावरून उचललेली टोळी येते. पूजा मुहूर्तावर करा, सामान दहा दिवस आधी किंवा नंतर हलवा. आणि रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतोच, तेव्हा डोंबिवली, विरारहून येणारी माणसं रात्रीच साइटवर थांबतील अशी सोय मूव्हरकडे आहे का ते विचारा.

वाराईचा, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या हमालीचा प्रश्न कोटेशनच्या टप्प्यावरच मिटवा. महाराष्ट्रात 1969 चा माथाडी कायदा आहे, तो ओझी वाहणाऱ्या कामगारांच्या हक्काचा आहे आणि त्याचा मान ठेवायलाच हवा. माथाडी मंडळात नोंदणी असलेली टोळी असेल तर मजुरी आणि लेव्ही (मजुरीवरचा मंडळाचा अधिभार) मंडळामार्फत, पावतीने होते. पण माथाडीचं नाव सांगून गाडी अडवणारे आणि रोख मागणारेही भेटतात, विशेषतः गाळे आणि एमआयडीसीच्या भागात. त्या क्षणी तुमच्या रिसेप्शनिस्टने पुढे व्हायचं की मूव्हरच्या सुपरवायझरने? ‘दोन्ही जागची वाराई आणि स्थानिक मजुरीची जबाबदारी मूव्हरची’ हे वाक्य वर्क ऑर्डरमध्ये असू द्या.

विम्याच्या नावाने जो प्रकार चालतो त्याची मला मनापासून चीड आहे. कोटेशनच्या तळाशी ‘इन्शुरन्स 3 टक्के’ असं लिहिलेलं असतं, पैसे घेतले जातात आणि पॉलिसी कधी निघतच नाही. विमा कंपनीने तुमच्या नावाने काढलेलं प्रमाणपत्र गाडी भरण्याआधी हातात नसेल तर विमा नाही, एवढं पक्कं धरून चाला. पॉलिसी असली तरी कलम बघा. इनलँड ट्रान्झिट ‘ए’ कलमात जवळपास सगळे धोके येतात. ‘बी’ कलमात आग, टक्कर, गाडी उलटणं अशी मोजकीच कारणं येतात, आणि ऑफिसच्या सामानाचं नुकसान तर बहुतेक वेळा चढवता-उतरवताना होतं. वाहतूकदाराच्या जबाबदारीवर विसंबू नका. 2007 चा कॅरेज बाय रोड कायदा आणि त्याचे नियम सांगतात की मालाची जास्त किंमत आधी लेखी जाहीर केली नसेल तर जबाबदारी भाड्याच्या 10 पटीपर्यंतच. बिलात पॅकिंग आणि मजुरीचा आकडा मोठा आणि भाडं फक्त 20,000 दाखवलं असेल, तर भरपाई 2 लाखांवर थांबते. दावा लावायचा असेल तर बुकिंगपासून 180 दिवसांच्या आत लेखी नोटीस गेलेली असावी लागते.

बिल्टीवर (वाहतूकदाराच्या मालपावतीवर) ‘हाउसहोल्ड गुड्स’ लिहू देऊ नका. वापरलेल्या घरगुती सामानाला ई-वे बिलातून (जीएसटीखालच्या मालवाहतुकीच्या ऑनलाइन परवान्यातून) सूट आहे म्हणून काही जण ही पळवाट काढतात. ऑफिसचं सामान घरगुती नाही. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात 1 लाखाच्या वरच्या मालाला डिलिव्हरी चलन आणि ई-वे बिल करून ठेवा, नाहीतर नाक्यावर गाडी थांबते आणि विम्याचा दावा करताना तीच बिल्टी तुमच्या विरोधात जाते.

पैसे देताना 25-30 टक्के आगाऊ, मोठा हिस्सा शेवटची गाडी रिकामी झाल्यावर, आणि 10 टक्के आठवड्याने. सोमवारी लोक बसायला लागले की डुगडुगणारं टेबल, न लागणारा ड्रॉवर, किल्ली हरवलेलं पेडेस्टल हे सगळं वर येतं. त्यासाठी सोमवार-मंगळवार दोन सुतार आणि एक इलेक्ट्रिशियन साइटवर राहतील, हे वर्क ऑर्डरमध्ये लिहा. रिकामी खोकी आणि क्रेट परत नेण्याची तारीखही त्यातच घाला, नाहीतर महिनाभर ती तुमच्या फायर एक्झिटसमोर पडून राहतील.