‘चेक’ पास झाला, म्हणजे अपग्रेड टेस्ट झालं?

“पोस्टग्रेसची आवृत्ती बदलताय? पीजी-अपग्रेड ‘चेक’ लावून चालवा, ‘क्लस्टर्स आर कम्पॅटिबल’ आलं की टेस्टिंग संपलं. स्टेजिंगला थोडा डेटा पुरे. बिघडलंच तर जुना सर्व्हर परत चालू करा.” पोस्टग्रेस या डेटाबेसबद्दल हा सल्ला बराच फिरतोय. (पीजी-अपग्रेड हे त्याची आवृत्ती बदलणारं साधन, ‘चेक’ म्हणजे त्याची नुसती पूर्वतपासणी, आणि स्टेजिंग म्हणजे सरावाचा सर्व्हर.) त्यातला ‘चेक’ जरूर चालवा, बाकीचं सोडा.

‘चेक’ फक्त जुना क्लस्टर (एका सर्व्हरकडचे सगळे डेटाबेस) नव्यात नेता येईल का, एवढंच बघतो. प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन्स (तयार, पण अजून पक्के न झालेले व्यवहार) अडकलीत का, एक्स्टेन्शनच्या (जोड-सुविधांच्या) लायब्ररी सापडतात का, वगैरे. तुमच्या क्वेरींकडे तो ढुंकूनही पाहत नाही. आवृत्ती १२ पासून ‘विथ’मधली उपक्वेरी मुख्य क्वेरीत विरघळू शकते आणि प्लॅन (क्वेरी कशी चालवायची त्याचा आराखडा) बदलतो. हे ‘चेक’ला कुठून कळणार?

स्टेजिंगचा मुद्दा जास्त घातक आहे. प्रश्न नुसता डेटा किती याचा नाही, तो तिथे आला कसा याचाही आहे. पोस्टग्रेस अक्षरांचा क्रम सहसा लिनक्सच्या जीलिबसी या लायब्ररीकडून घेतो. जीलिबसी २.२८ मध्ये (२०१८) हा क्रम बदलला: इंग्रजी लोकॅलमध्ये (भाषेच्या सेटिंगमध्ये) आधी ‘11’ मग ‘1-1’ यायचं, ते उलटं झालं. अपग्रेडसोबत डेबियन लिनक्स ९ वरून १० वर गेलात, तर पीजी-अपग्रेड जुन्या क्रमाने रचलेले इंडेक्स (पटकन शोधण्यासाठीच्या क्रमवार याद्या) जसेच्या तसे उचलून आणतो. मग पावती क्रमांक टेबलात असतो, पण क्वेरीला सापडत नाही. युनिक इंडेक्स असूनही दुबार नोंद घुसते. आणि स्टेजिंग पीजी-डंपमधून (डेटा बाहेर काढून पुन्हा भरण्याच्या साधनातून) भरलं असेल, तर तिथे इंडेक्स नव्याने बनतात, म्हणून हा दोष तिथे दिसणारच नाही! सराव करायचा तर प्रॉडक्शनच्या फाइल-पातळीवरच्या बॅकअपवर करा, मग इंडेक्स तपासणारं ॲमचेक चालवा.

कोऱ्या डेटाबेसवरच्या टेस्टचंही तेच. आवृत्ती १५ मध्ये नव्या डेटाबेसच्या पब्लिक स्कीमात (टेबलांच्या आयत्या सामाईक कप्प्यात) कुणालाही टेबल बनवायची मुभा राहिली नाही; अपग्रेड होऊन आलेल्यात मात्र जुनेच हक्क टिकतात. म्हणजे सीआय (कोड बदलला की आपोआप चालणाऱ्या टेस्ट) तपासतंय एक आणि प्रॉडक्शनमध्ये चालतंय दुसरंच.

शिवाय आवृत्ती १८ च्या आधी प्लॅनरची (प्लॅन ठरवणाऱ्या भागाची) आकडेवारी सोबत येत नसे. ती नव्याने गोळा करणारी ‘ॲनालाइझ’ ही आज्ञा विसरलात तर हजार ओळींवर काही जाणवत नाही, कोटभर ओळींवर सर्व्हर बसतो.

राहिला परतीचा रस्ता. पीजी-अपग्रेडच्या ‘लिंक’ पद्धतीत दोन्ही क्लस्टर त्याच फाइल्स वापरतात. नवा सर्व्हर एकदा सुरू झाला की जुना सुरू करणं सुरक्षित नाही. ‘कॉपी’त (फाइल्सची वेगळी प्रत करण्याच्या पद्धतीत) जुना उठतो खरा, पण मधल्या काळात नव्यावर झालेल्या नोंदी त्यात नसतात. त्या हव्या असतील तर नव्यावरून जुन्याकडे लॉजिकल रेप्लिकेशन (नोंदींतले बदल सतत पाठवत राहणं) आधीच लावावं लागतं, आणि तेही सरावातच चालवून बघावं लागतं.